दोन बोटं रुंद पट्टी

या हिवाळ्यात आमच्या दुकानासमोर रोज एखाददुसरा जुना कूलर उतरतो. मी त्याची खालची टाकी कापून काढतो, जाड पत्र्याची नवी बसवतो, आतून डांबराचे दोन हात मारतो आणि पैसे न घेता परत पाठवतो. फुकटच्या गोष्टीकडे माणूस आधी संशयानं पाहतो, तसे लोक माझ्याकडे पाहतात. "काही स्कीम आहे का भाऊ?" असं विचारतात. एका गिऱ्हाइकानं तर शेजारच्या किराणावाल्याकडे हळूच चौकशी केली की हा माणूस महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहून राहिला का. मी नुसता हसतो. खरं कारण दुकानाच्या दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही. त्याची मला लाज वाटते, आणि लाज तोंडानं सांगण्यापेक्षा लिहून सांगणं सोपं जाईल असं वाटलं, म्हणून लिहितोय.

दुकान सक्करदऱ्याला आहे. बाबांनी काढलेलं. आम्ही पत्र्याचे कूलर बनवतो. नागपुरात मे महिन्यात ज्याच्या खिडकीत कूलर नाही त्याची लोक विचारपूस करतात, तब्येत बरी आहे ना म्हणून. कूलर म्हणजे तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, मधे पंखा, आणि खाली पाण्याची टाकी. यातलं बाकी सगळं बदलता येतं. ताट्या दरवर्षी बदलतात, पंप बदलतो, मोटर बदलते. टाकी मात्र चार-चार महिने पाणी पोटात घेऊन बसते, आणि ती सडली की कूलर संपला. म्हणजे कूलर किती वर्षं चालणार हे टाकीचा पत्रा किती जाड, यावर ठरतं. ही जाडी गेजमध्ये मोजतात. यात आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. हा उलटा हिशेब गिऱ्हाइकाला गोंधळात टाकायला फार सोयीचा आहे.

बाबांना तो गोंधळ आवडत नसे. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. इतर कारागीर टाकीची वरची कड दुमडून टाकतात. बाबा ती मोकळी ठेवायचे, फक्त कानशीनं घासून बोथट करायचे. "पत्रा लपवाचा नाही," ते म्हणायचे. "गिऱ्हाइकाले चिमटीत धरता आला पाहिजे." गिऱ्हाईक चिमटीत धरायचं, त्याला काही कळायचं नाही, पण धरायला दिलं याचंच त्याला बरं वाटायचं.

पुढे काचबिंदूनं बाबांची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. तरी दुकानात येणं थांबलं नाही. घर दुकानापासून दोन गल्ल्या. ते एकटे चालत यायचे, उजवा हात भिंतीवरून, फाटकांवरून, विजेच्या खांबावरून फिरवत. कुणाचं फाटक नवं लागलं ते आम्हाला त्यांच्याकडून कळायचं. दुकानात दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. तयार झालेला प्रत्येक कूलर त्यांच्यापुढे आणायचा, ते टाकीचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरायचे, दोन-तीनदा चोळायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे." एवढं म्हटल्याशिवाय कूलर दुकानाबाहेर पडत नसे. गिऱ्हाइकांनाही ते माहीत होतं. घाई असलेली माणसं फोनवर विचारायची, "जाऊ दे झालं का?"

मी कॉमर्स शिकलो, पाच-सहा वर्षं एका कंपनीत माल खपवायचं काम केलं, आणि बाबांचे डोळे गेल्यावर दुकानात येऊन बसलो. येताना डोक्यात टार्गेट नावाचा किडा घेऊन आलो. सीताबर्डीच्या बाजारात प्लॅस्टिकचे कूलर रंगीत डब्यांसारखे रांगेत मांडलेले असायचे, हप्त्यावर मिळायचे, आणि तीन-चार वर्षांत फेकावे लागायचे. लोक पुन्हा घ्यायचे. आमचा कूलर पंधरा वर्षं चालायचा. मग त्या घरात पंधरा वर्षं आम्हाला काय काम? ज्याचा माल मरत नाही त्याचं दुकान मरतं, असं एक वाक्य मी स्वतःशी तयार केलं होतं आणि मला ते फार आवडत होतं.

हे मी बाबांजवळ बोलूनही पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "एक कूलर पंधरा वर्षं चालला," ते म्हणाले, "तं पंधरा उन्हाळे आपलं दुकान त्याच्या खिडकीत बसून राहते ना गा. येणारा-जाणारा पाहते. त्याच्या पोरीचं लग्न होते, तिच्या घरी आपलाच जाते. तुले आजचा एक कूलर दिसून राहिला. मले त्याच्या मागचे चार दिसून राहिले." दिसत नसलेल्या माणसानं दिसण्याबद्दल बोलावं याचं मला हसू आलं. हे हसू मी लपवलंही नाही, कारण लपवायची गरज नव्हती.

त्या वर्षी पत्र्याचे भाव चढले. भाव चढले हे निमित्त. पातळ पत्रा घ्यायचं माझ्या मनात त्याआधीच होतं. अडचण एकच होती, दाराजवळच्या खुर्चीची. बाबांची चिमूट कोणताही गेज ओळखायची, एका आकड्याचा फरकसुद्धा. मी आठ दिवस विचार केला. गिऱ्हाइकांसाठी असा आठ दिवस विचार मी कधी केला नव्हता.

शेवटी युक्ती सुचली ती अशी. पातळ पत्र्याची टाकी करायची, आणि वरच्या काठाला आतल्या बाजूनं उरल्यासुरल्या पत्र्याची दोन बोटं रुंद पट्टी डागून, म्हणजे कथलानं जोडून टाकायची. दोन्ही पत्रे एकत्र कानशीनं घासले की काठ एकजीव. पट्टी जिथं संपते तिथं पुट्टी भरून उतार करायचा आणि वरून रंग. चिमटीत जेवढा काठ येतो तेवढा जाड, त्याखाली सगळा पातळ.

मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री बाबांच्या हाताखाली तयार झालेला, तीस वर्षांचा जुना माणूस. मला त्यानं चड्डीत पाहिलेलं. त्यानं पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली.

"हे काहून भाऊ?"

"काठाला मजबुती येते," मी म्हणालो.

"काठाले पाणी नाही लागत. पाणी बुडाले लागते."

मी हिशेबाची वही उघडली. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्याच्या बोटाले फसवा लागते का आता?"

"तू कारागीर आहेस," मी म्हणालो. "सांगितलं तेवढं कर."

तीस वर्षांत त्याला दुकानात असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि पट्टी डागली.

पहिला कूलर मी स्वतः बाबांपुढे नेला. त्यांनी काठ धरला, चोळला. मला वाटलं नेहमीपेक्षा एकदा जास्त चोळला. मग म्हणाले, "जाऊ दे." मिस्त्री पाठमोरा होऊन पाना शोधू लागला. आणि मला, लिहायलाही कसंतरी वाटतं, पण मला आनंद झाला. बारावीचा निकाल लागल्यासारखा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मला डोळे मिटायचीही तसदी नव्हती, समोरचेच मिटलेले होते.

त्या उन्हाळ्यात दुकानानं कधी नव्हे एवढं कमावलं. कूलर तेवढेच विकले, पण प्रत्येकामागे हातात जास्त राहिलं. दुकानाला चमकणारी पाटी लागली. आणि घरात, आमच्या खोलीत, मी एसी बसवला. कूलरच्या पैशातून एसी. बाबांच्या खोलीत त्यांनीच बनवलेला जुना कूलर होता, तो आमच्या लग्नाच्याही आधीपासून चालू होता. त्यांना एसी नको होता. "मले वाळ्याचा वास लागते," म्हणाले. बायकोनं एकदा विचारलं की यंदा एवढी बरकत कशी. मी म्हटलं, मॅनेजमेंट.

दिवाळी झाली आणि मिस्त्री म्हणाला, गुडघे दुखतात, काम सोडतो. बाबांच्या पाया पडायला घरी आला, पण बसला नाही. पाणीही न घेता गेला. बाबांना ते लागलं. "तीस वर्षांचा माणूस," ते पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिले, "कोणीतरी दोन पैसे जास्त दिले असन, गेला. निरोपही नीट नाही घेतला." मी समोर बसून ते ऐकत होतो. नव्या कारागिराला पट्टी ही या दुकानाची रीतच वाटली, त्यानं काही विचारलं नाही.

आता बाईंबद्दल सांगतो. बाई म्हणजे सक्करदरा तलावाच्या बाजूला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी बाबांकडून कूलर घेतला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या नात्यातल्या, शाळेतल्या, विहारातल्या किती माणसांना त्यांनी आमच्या दुकानात पाठवलं याची गणती नाही. बाबा म्हणायचे, बाई म्हणजे आपली बिनपगारी पाटी. पट्टीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मनीषनगरला फ्लॅट घेतलेल्या मुलीसाठी कूलर नेला. मी हिशेब करत होतो, त्या थेट बाबांच्या खुर्चीजवळ गेल्या.

"भाऊ, तुम्ही पाहिला ना?"

"हात लावून पाहिला बाई. पंधरा वर्षं पाहू नका त्याच्याकडे."

मी मान वर केली नाही.

पंधरा वर्षं सोडा, तो कूलर पुढच्या मे महिन्यात गेला. मुलगी बाळंत झाली होती, बाळ दीड महिन्याचं. भर दुपारी टाकीचं बूड एका बाजूनं उघडलं आणि सगळं पाणी खोलीत आलं. बाळंतिणीची गादी खाली अंथरलेली होती. तिच्या उशाशी जमिनीवर विजेचा जोडबोर्ड पडलेला, मोबाइल लावलेला. पाणी तिथवर पोहोचलं तेव्हा मुलगी बाळाला घेऊन न्हाणीघरात होती. मेन स्विच आपोआप पडला म्हणून बरं. ती बाहेर आली तेव्हा गादी पाण्यात होती.

बाईंनी फोन मला केला नाही, बाबांना केला. रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या, एवढंच. "भाऊ, तुम्ही हात लावला होता ना त्याला?" एवढं विचारलं. बाबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, ऑटो बोलाव.

मनीषनगरच्या त्या खोलीत अजून जमीन ओलसर होती. बाबा कूलरजवळ उकिडवे बसले, टाकीच्या बुडात हात घातला. गंजलेला पत्रा त्यांच्या बोटाखाली पापडासारखा मोडला. त्यांनी पुन्हा काठ धरला, चोळला. पुन्हा बुडात हात घातला. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटतं माझं तोंड उघडलंही होतं, पण बाई, त्यांची मुलगी, जावई अशी तिघं समोर होती, आणि उद्यापासून या तिघांच्या तोंडून सगळ्या सक्करदऱ्यात काय पसरेल ते मला दिसत होतं.

बाबा उठले. रुमालानं बोटं पुसली, एकेक करून. "बाई, चूक माही आहे," ते म्हणाले. "डोळे गेले होते, आता बोटंही गेली. पत्रा समजला नाही मले. पोरीच्या जिवावर आलं असतं."

बाई म्हणाल्या, "वय होते भाऊ. मनाला लावून घेऊ नका." मी लगेच दुसऱ्या दिवशी नवा कूलर पाठवतो असं म्हणालो, आणि जावयानं माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दुकानात आले नाहीत. म्हणाले, "आता मी जाऊ दे म्हणणार नाही. कोणाच्या घरात पाणी शिरन." मी त्यांना आग्रह केला नाही. खरं ते सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो की मी तो पातळ पत्रा लगेच बंदही केला नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर होता, गिऱ्हाइकांची रांग होती, गोदामात माल पडला होता. तो संपेपर्यंत मी टाक्या बनवल्या. आता खुर्ची रिकामी असल्यामुळे पट्टीचीही गरज राहिली नव्हती.

घरात बाबा वेगळेच वागू लागले. बायकोच्या ते आधी लक्षात आलं. "बाबा ताटं चाचपून राहिले," ती म्हणाली. जेवायला वाढलं की ते आधी ताटाचा काठ चिमटीत धरून चोळायचे, मग वाटीचा. दोन्ही एकाच जाडीचे आहेत का असं तिला विचारायचे. नाणी चाचपून रुपया कोणता, दोन रुपये कोणता ते सांगायचे, बरोबर सांगायचे, आणि तरी खात्री करून घ्यायचे. एकट्यानं बाहेर जाणं त्यांनी बंद केलं. भिंतीला हात लावून चालणारा माणूस आता भिंतीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. संडासला जातानाही नातवाला हाक मारू लागले. दोन महिन्यांत माझा बाप म्हातारा झाला. आधी तो फक्त आंधळा होता.

पावसाळ्यात बायको म्हणाली, "त्यांना नसांच्या डॉक्टरकडे न्या. बोटं सुन्न झाली म्हणतात. शुगर असेल, काही असेल." मी नाही कसं म्हणणार? त्यांना घेऊन गेलो. जो आजार मीच पट्टी डागून तयार केला होता त्याची तपासणी करायला मी बापाला ऑटोत बसवून नेलं, नंबर लावला, फी भरली. डॉक्टरांनी त्यांच्या बोटांना टाचणी टोचून पाहिली, कापूस फिरवून पाहिला, तारा लावून यंत्रावर पाहिलं. बाबा प्रत्येक वेळी शाळेतल्या मुलासारखे घाईघाईनं उत्तर देत होते.

"काका, बोटं तर एकदम तरण्या माणसासारखी आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मंग पत्रा काहून नाही समजला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

परत येताना ऑटोत बाबा आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. "डॉक्टरले नाही समजत," ते म्हणाले. "यंत्राले कुठं पत्रा समजते." मला तेव्हा अशी काही लाज वाटली की धावत्या ऑटोतून उतरून जावं. मी सांगून टाकलं. बाबा, बोटं ठीक आहेत. पत्रा पातळ होता. मी काठाला आतून पट्टी लावली होती, तुम्हाला समजू नये म्हणून. ऑटोच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

बाबांनी माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात थोपटला.

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला तू," ते म्हणाले. "असू दे बाबू. म्हाताऱ्या माणसाले हे होतेच."

मी शपथ घेतली. त्यानं त्यांची खात्री आणखीच पटली. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगितलं, आत्याला फोन करून सांगितलं, की पोरगा पाहा कसा आहे, माझं मन राखायला चोरी स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाला. आत्या मला फोनवर म्हणाली, "असा पोरगा सगळ्यांना मिळो." चार दिवस मी ही स्तुती ऐकली. खोटं बोललो तेव्हा कुणी धरलं नाही, आणि खरं बोललो तर कुणी मानेना.

चौथ्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागे गेलो. मनीषनगरहून परत आणलेला तो कूलर तिथं भंगारात पडला होता. कात्रीनं टाकीचा वीतभर तुकडा कापला, वरून खालपर्यंत, म्हणजे काठ, पट्टी आणि पट्टीखालचा पत्रा सगळं त्यात आलं. धारा घासून बोथट केल्या. घरी आलो. बाबा पलंगावर बसले होते. काही न बोलता तो तुकडा त्यांच्या हातात दिला.

सवयीनं त्यांनी काठ धरला. चोळला. मग मी त्यांचा अंगठा धरून खाली सरकवला. दोन बोटांवर पट्टी संपली. त्यांचा अंगठा थांबला. मी हात काढून घेतला. ते स्वतःच अंगठा वर नेऊ लागले, खाली नेऊ लागले, वर, खाली. पुट्टीचा उतार नखानं खरवडला. ती भुगा होऊन त्यांच्या धोतरावर पडली. पट्टीच्या कडेत त्यांनी नख घातलं.

मला वाटलं ते ओरडतील, निदान तो तुकडा फेकतील.

"मिस्त्रीनं लावली?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं म्हणून. त्याच्या मनात नव्हतं."

"म्हणून गेला तो," बाबा म्हणाले. "मी त्याले काय काय बोललो."

तुकडा त्यांनी उशीखाली ठेवला. मग चष्मा शोधला. नजर गेल्यावरही बाहेर जाताना ते चष्मा घालतात. "चाल, बाईंकडे," म्हणाले. दारात मी नेहमीप्रमाणे कोपर पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि उजवा हात भिंतीवर ठेवला. मे महिन्यानंतर ते पहिल्यांदा एकटे चालत होते. भिंत, फाटक, खांब, पुन्हा भिंत, आणि मी चार पावलं मागून. रस्त्यात एका ठिकाणी खड्डा होता, मी सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पायानं चाचपून स्वतःच ओलांडला.

बाई घरीच होत्या. मुलगी आणि बाळही आलेली होती, आतल्या खोलीत होती. बाईंनी पाणी दिलं. बाबांनी पेला खाली ठेवला आणि माझ्या दिशेला मान वळवली.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. भाव चढले होते वगैरे सुरुवात केली, तर बाबा म्हणाले, "ते नको. पट्टीचं सांग." मग पट्टीचं सांगितलं. असे किती कूलर गेले तेही सांगितलं. सगळ्यांच्या टाक्या बदलून देईन म्हणालो. आतल्या खोलीतला बोलण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे मुलगीही ऐकत होती. बाईंनी मला मध्ये तोडलं नाही. शाळेत फळ्याजवळ उभ्या केलेल्या मुलाकडे पाहतात तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला तेवढंच वय असल्यासारखं वाटत होतं.

शेवटी त्या बाबांकडे वळल्या. "जाऊ द्या भाऊ. दुसरा कूलर लगेच दिला ना त्यानं. पोरगी, बाळ, सगळे ठीक आहेत."

"कूलरचं नाही बाई," बाबा म्हणाले. "मी तुम्हाले म्हटलं होतं, बोटं गेली. ते खोटं निघालं, म्हणून सांगायले आलो."

बाईंनी विचारलं, "पण भाऊ, बाजारात तर किती लबाड लोक. इतकी वर्षं तुम्ही पत्रा घेतला, कोणी असाच सजवून दिला असता तर?"

"बाजारातल्याचा मी काठ पाहतच नाही," बाबा म्हणाले. "काठ तं कोणीबी सजवते. मधात अंगठा दाबून पाहतो, पोट किती दबते ते. लगेच समजते."

"मग याचा का नाही दाबून पाहिला?"

बाबांनी मान बाईंच्या आवाजाकडे नेली.

"पोराचा काहून दाबून पाहू?" ते म्हणाले.

ते रागानं म्हणाले नाहीत. बाईंनी असं का विचारलं, हेच त्यांना कळलं नव्हतं.